गैरमुलकी नेतृत्व : प्रस्तावना

हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे जन्माने मराठवाड्याचे नव्हते. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सिंदगी तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली होती. सोलापूर, अमळनेर आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगार चळवळीचे काम केले. त्यानंतर १९२९ साली निजामाच्या राज्यातल्या हिप्परगा या खेड्यातल्या शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले.

आमच्या परभणीत दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, सकाळी झेंडावंदन होते, स्वामीजींच्या तसबिरीला हार घातला जातो आणि भाषणांतून 'मराठवाड्याचे सुपुत्र' म्हणून त्यांचा गौरव होतो. त्यामागचा आदर खरा आहे. पण त्या आदरात स्वामीजींच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट झाकली जाते. परक्या मुलुखातून आलेल्या एका शाळामास्तराला इथल्या शेतकऱ्यांनी, वकिलांनी, विद्यार्थ्यांनी नऊ-दहा वर्षांत आपला पुढारी मानले, हे कसे घडले? या पुस्तकाचा विषय तोच आहे. जिथे जन्म झाला नाही तिथल्या सार्वजनिक जीवनात उतरलेली आणि तिथलीच झालेली माणसे इथे भेटतील. केंद्रस्थानी स्वामीजी आहेत. त्यांच्या शेजारी एक प्रकरण कार्ल शुर्त्झ नावाच्या जर्मन माणसाला दिले आहे. परभणीच्या वाचकाला ही जोडी विचित्र वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आधी सीमा ओलांडणे म्हणजे काय होते ते पाहू. सोलापूरहून हिप्परग्याचे अंतर फारसे नाही. बोली तीच, पीक तेच, देवही तेच. तरी निजामाच्या हद्दीत पाऊल टाकले की कारभार बदलायचा. नाणे हाली शिक्क्याचे, टपालाची तिकिटे संस्थानची, साल फसली, कोर्टकचेरीची भाषा उर्दू. मनमाडहून जालना, परतूर, सेलू, परभणी करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज गाडीसुद्धा निजामाच्या रेल्वेची. संस्थानात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन. १९४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या दीड कोटीच्या वर भरली. एवढ्या लोकांना राजकीय सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या हुकमाची आठवण जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होती. स्वामीजी संस्थानात आले तेही याच साली.

हिप्परगा रवा इथली राष्ट्रीय शाळा असहकाराच्या काळात, १९२१ साली सुरू झाली होती. सभेला बंदी असलेल्या राज्यात शाळेला फार मोठा अर्थ येतो. चार माणसांनी एकत्र बसून देशाविषयी बोलायचे तर पोलीस येत. चाळीस मुलांना एकत्र बसवून इतिहास शिकवला तर निदान काही काळ कोणाचे लक्ष जात नसे. मुक्तिलढ्याचा इतिहास लिहिताना आपण सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीची बँक यांवर पानेच्या पाने खर्च करतो आणि शाळेला एक परिच्छेद देतो. माझ्या मते हे प्रमाण चुकीचे आहे. हिप्परगा आणि १९३५ नंतर अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा नसती, तर निजामाविरुद्धच्या १९३८ च्या सत्याग्रहाला मराठवाड्यातून माणसेच मिळाली नसती. सत्याग्रहींची फळी या शाळांच्या बाकांवर तयार झाली. पुढाऱ्याची आणि अनुयायाची ओळख तिथे मास्तर आणि विद्यार्थी म्हणून आधीच झालेली होती. 'हा कुठला, ह्याचे गाव कोणते' हा प्रश्न विद्यार्थ्याला पडत नाही. मास्तर रोज वर्गावर येतो, त्याच्या लेखी तेवढे पुरे असते.

त्यातच १४ जानेवारी १९३०, संक्रांतीच्या दिवशी, व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. या घटनेकडे चरित्रकार आध्यात्मिक अंगाने पाहतात. ते योग्यच आहे. पण तिला आणखी एक बाजू आहे, आणि माझ्यासारख्या राजकारणाच्या अभ्यासकाला तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. संन्यासी घर सोडतो, गाव सोडतो, गोत्र सोडतो. जो कुठलाच राहिला नाही त्याला 'तू बाहेरचा' म्हणणार कसे? आपल्या खेड्यापाड्यांत परगावचा व्यापारी परका असतो, परगावचा अधिकारी तर परका असतोच, पण मारुतीच्या देवळात उतरलेल्या गोसाव्याला कोणी परका म्हणत नाही. स्वामीजींनी हा हिशेब मनात धरून भगवी वस्त्रे घेतली, असे मुळीच सुचवायचे नाही. त्या वस्त्रांनी त्यांना परभणी-नांदेडच्या वाड्यातांड्यांवर जी वाट मोकळी करून दिली, ती मात्र नाकारता येत नाही.

संस्थान सरकारने परकेपणाचा मुद्दा हत्यारासारखा वापरला. इथे 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' या वादाची माहिती नव्या वाचकाला हवी. दिवाण सालारजंगांच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे हैदराबादेत मोठ्या हुद्द्यांवर आणली गेली. संस्थानातल्या तरुणांना त्याचा राग होता, आणि तो रास्त होता. पुढे सरकारी नोकरीसाठी मुलकी असण्याचे नियम झाले. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे संस्थानात वास्तव्य केले आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला, तर तो मुलकी ठरे. मागणी नोकऱ्यांपुरती होती. पण एकदा माणसे मोजण्याची ही पट्टी तयार झाली की ती नोकरीच्या बाहेरही लावली जाते. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा सरकारच्या युक्तिवादात ही संस्था जातीय आहे आणि तिचे लागेबांधे संस्थानाबाहेर आहेत, हे दोन्ही आरोप होते. 'काँग्रेस' हे नाव काढा, बाहेरच्या संस्थेशी नाते तोडा, असा आग्रह पुढे कित्येक महिने चालला.

आता हिशेब करून पाहा. १९२९ साली आलेले स्वामीजी पंधरा वर्षांच्या अटीने १९४४ साली मुलकी ठरतात. तोवर या माणसाने शाळा चालवली होती, मराठवाड्यातल्या महाराष्ट्र परिषदेचे काम अंगावर घेतले होते, १९३८ च्या सत्याग्रहात शिक्षा भोगली होती आणि १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा अटक करवून घेतली होती. कारकुनाच्या जागेसाठी जो अजून परका होता, त्याला लोकांनी केव्हाच आपला मानले होते.

शुर्त्झची गरज मला याच ठिकाणी भासली. १८५९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात घटनादुरुस्ती पुढे आली की परदेशातून आलेल्या माणसाने नागरिकत्व मिळवल्यावरही मतदानासाठी आणखी दोन वर्षे थांबावे. आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांचा लोंढा त्या काळात मोठा होता आणि त्यांच्याविषयीची अढीही मोठी होती. त्या दुरुस्तीच्या विरोधात बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये तीस वर्षांच्या एका जर्मनाने इंग्रजीत भाषण केले. इंग्रजी तो अमेरिकेत आल्यावर नीट शिकला होता. अमेरिकन असणे हे जन्मावर ठरत नाही, काही तत्त्वे मानण्यावर ठरते, असा त्या भाषणाचा गाभा होता. ते भाषण गाजले. दुरुस्ती मात्र मंजूर झाली. परकेपणाचे घड्याळ लावण्याची हौस निजामाच्या दरबारापुरती नव्हती, लोकशाहीच्या माहेरघरातही ती होती, हे त्यावरून कळते.

हा कार्ल शुर्त्झ २ मार्च १८२९ रोजी कोलोनजवळच्या लिब्लार गावात जन्मला. बॉन विद्यापीठात शिकत असताना १८४८ ची क्रांती झाली. गोटफ्रीड किंकेल या आपल्या प्राध्यापकाबरोबर तो तीत उतरला. १८४९ च्या जुलैत रास्टाट किल्ल्यातल्या शेवटच्या क्रांतिकारकांना प्रशियाच्या फौजेने वेढले आणि किल्ला शरण गेला. शुर्त्झ प्रशियाचा प्रजाजन होता. पकडला गेला असता तर गोळी ठरलेली होती. किल्ल्यातून बाहेर शेतांकडे जाणारे एक गटार त्याला माहीत होते. दोन सोबत्यांना घेऊन तो त्यात उतरला. पावसाचे पाणी चढत गेले आणि त्यांना माघारी फिरावे लागले. मग एका छपराच्या माळ्यावर ते पालथे पडून राहिले, आणि खाली प्रशियाचे घोडेस्वारच मुक्कामाला आले. खोकणे नाही, कूस बदलणे नाही, खायला जवळपास काही नाही. अखेर एका मजुराच्या मदतीने ते पुन्हा त्याच गटारात उतरले, या वेळी पार झाले आणि ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समध्ये पोचले. त्यानंतर कोणीही गप्प बसला असता. शुर्त्झ १८५० साली लपतछपत जर्मनीत परतला आणि बर्लिनजवळच्या श्पांडाउच्या तुरुंगातून त्याने किंकेलला सोडवून नेले.

१८५२ साली तो पत्नी मार्गारेटेसह अमेरिकेला गेला. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी, जर्मन वस्तीत, त्यांनी बिऱ्हाड केले. तिथे १८५६ साली मार्गारेटेने लहान मुलांची बालवाडी काढली. अमेरिकेतली ती पहिली बालवाडी मानली जाते. कार्लने जर्मन शेतकऱ्यांपुढे जर्मन भाषेत गुलामगिरीविरुद्ध भाषणे द्यायला सुरुवात केली. १८६० साली लिंकनच्या प्रचारात त्याचा मोठा वाटा होता. यादवी युद्धात तो सेनानी झाला आणि गेटिसबर्गला लढला. युद्धानंतर दक्षिणेत हिंडून मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या स्थितीवर त्याने सविस्तर अहवाल दिला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना तो अहवाल मुळीच आवडला नाही. १८६९ ते १८७५ तो मिझुरीचा सिनेटर होता. जर्मनीत जन्मलेला तो पहिला सिनेटर. १८७७ ते १८८१ तो राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या मंत्रिमंडळात होता. नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षेने द्याव्यात म्हणून त्याने आयुष्यभर झगडा केला. त्याच्या म्हातारपणी अमेरिकेने फिलिपिन्स गिळले, तेव्हा त्यालाही त्याने उघड विरोध केला. १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला. सिनेटर झाला, मंत्री झाला, पण राष्ट्राध्यक्ष होण्याची दारे त्याला बंद होती, कारण जन्माने नागरिक असलेल्यालाच ते पद मिळते असे तिथली राज्यघटना सांगते.

दोघांत फरक पुष्कळ आहेत आणि ते पुसायची माझी इच्छा नाही. शुर्त्झ हरलेल्या क्रांतीतून जीव वाचवून आला. स्वामीजी स्वतःहून, काम शोधत आले. शुर्त्झने पदे घेतली, पक्ष बदलले, वर्तमानपत्र चालवले. स्वामीजींनी खासदारकीपलीकडे सत्तेचे पद घेतले नाही. साम्य दिसते ते सुरुवातीच्या कामात. दोघांनीही नव्या मुलखात राजकारणाची पहिली पायरी चढताना मोठ्या शहराकडे धाव घेतली नाही. एक वॉटरटाउनच्या जर्मन शेतकऱ्यांत रुजला, दुसरा हिप्परग्याच्या पोरांत. आणि दोन्ही ठिकाणी पाया शिक्षणाचा होता, शुर्त्झच्या घरी तर तो पत्नीने घातलेला. मार्गारेटेच्या वाट्याला इतिहासात फारच थोड्या ओळी आल्या आहेत. आपल्याकडच्या राष्ट्रीय शाळांभोवती ज्या बायकांनी मुलांचे जेवणखाण, दुखणीखुपणी सांभाळली, त्यांच्या वाट्याला त्याहूनही थोड्या आल्या.

परभणी जिल्ह्याच्या वाचकांसाठी परतूरचा उल्लेख इथे करायलाच हवा. आज परतूर जालना जिल्ह्यात आहे. १९८१ साली तो जिल्हा होईपर्यंत ते परभणीचे होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली याच परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मराठवाड्याच्या संघटित राजकारणाचा तो आरंभ. रेल्वेचे स्टेशन असलेले एक तालुक्याचे गाव, आणि तिथे पाचही जिल्ह्यांतून जमलेली माणसे. मागण्या साध्या होत्या : बोलण्याची मोकळीक, मातृभाषेतून शिक्षण, जबाबदार राज्यपद्धती. पुढच्या वर्षी लातूरच्या अधिवेशनानंतर स्वामीजींनी शाळा सोडली आणि परिषदेच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतले.

माझ्या दृष्टीने त्यांच्या बाहेरचे असण्याचा सर्वांत मोठा उपयोग यानंतर झाला. संस्थानात तीन भाषांच्या तीन संस्था होत्या : आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद. प्रत्येकीचे पुढारी आपापल्या मुलखात घट्ट रुजलेले, आणि त्यामुळेच दुसऱ्या मुलखात थोडे परके. कन्नड मुलखात जन्मलेला, मराठीत शिकलेला आणि मराठीतच शिकवणारा हा संन्यासी तिघांनाही चालला. १९४६ च्या जुलैत स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजींनी तेलंगणाचे बुर्गुल रामकृष्णराव यांचा अगदी थोड्या मतांनी पराभव केला. ती निवडणूक मवाळ आणि जहाल यांच्यातली होती, तिला प्रादेशिक झगड्याचे रूप आले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेलंगणातला पी. व्ही. नरसिंह राव नावाचा तरुण कार्यकर्ता स्वामीजींना गुरू मानत असे. १९४७ च्या जूनमध्ये हैदराबादच्या मुशीराबादेत स्टेट काँग्रेसचे पहिले उघड अधिवेशन झाले. ७ ऑगस्टला 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' हा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. निजाम आणि भारत सरकार यांच्यातल्या जैसे थे करारानंतर ते थोडे दिवस बाहेर होते. २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत गेले, ते १७ सप्टेंबरलाच बाहेर आले.

त्या वर्षी परभणीचे लोकच परागंदा झाले. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने असंख्य कुटुंबांनी पैनगंगा ओलांडून वऱ्हाड गाठला. वाशीम, उमरखेडच्या बाजूला कार्यकर्त्यांचे कॅम्प पडले. आज त्या काळचे बोलणारे फार थोडे उरले आहेत. पण आजीने बैलगाडीत कायकाय घातले, जोंधळ्याची पोती कुठे पुरली, गुरे कोणाच्या हवाली केली, हे सेलू-जिंतूर भागातल्या कितीतरी घरांत नातवंडांना पाठ आहे. वऱ्हाडातल्या गावांनी या परक्यांना ओसरी दिली, चूल मांडू दिली. आपल्या जिल्ह्याच्या आठवणीत हे एवढे ताजे असताना आपण निवडणुकीच्या सभांत 'बाहेरचा उमेदवार' म्हणून टाळ्या घेतो, याचे मला दुःख होते. इथली पोरे आज पुण्यात चाकण-रांजणगावला राबतात आणि तिथे त्यांनाही कोणीतरी बाहेरचे म्हणतेच.

पुस्तकात गोविंदभाई श्रॉफ यांच्यावर वेगळे प्रकरण आहे. गुजराती घरातले, विजापूरला जन्मलेले गोविंदभाई औरंगाबादचे झाले आणि मुक्तिलढ्यानंतरही अर्धशतकभर मराठवाड्याच्या विकासासाठी भांडत राहिले. रेल्वे रुंद करा म्हणून, पाणी द्या म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस मराठवाड्यात जन्मलेला नव्हता. उलट्या दिशेचे एक ताजे उदाहरण शेवटच्या टिपणात येईल. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. शुर्त्झने बॉस्टनमध्ये ज्या वाटेसाठी भांडण केले, त्या वाटेने आता सीमाभागातला एक मराठी माणूस चालून गेला आहे.

स्वामीजींच्या आयुष्यातल्या शेवटच्या मोठ्या लढ्याविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही, कारण त्या लढ्याकडे आपण सर्वांत कमी पाहिले आहे. हैदराबाद भारतात आले, १९५२ साली स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि संस्थानाचे राज्य तसेच ठेवावे की भाषेप्रमाणे त्याची वाटणी करावी, हा वाद पेटला. राज्य टिकावे असे म्हणणारे वजनदार लोक होते. ते टिकले असते तर तिन्ही भाषांच्या लोकांत मान असलेला सर्वांत मोठा पुढारी स्वामीजीच होते. त्यांनी वाटणीच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. सरंजामी राज्याच्या हद्दी राजाच्या सोयीने पडल्या आहेत, लोकांनी आपापल्या भाषिक प्रांतात जावे, असे त्यांचे म्हणणे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. तेलंगणा आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ज्या तीन मुलखांना त्यांनी एका झेंड्याखाली आणले होते, ते त्यांच्याच आग्रहाने तीन राज्यांत विभागले गेले, आणि त्यांचे सिंदगीही म्हैसूर राज्यात गेले. पुढच्याच वर्षी, १९५७ च्या निवडणुकीत, ते गुलबर्ग्याऐवजी औरंगाबादेतून उभे राहिले आणि निवडून आले. या निर्णयामागची त्यांची विचारसरणी, त्यावर तेलंगणातल्या सहकाऱ्यांनी घेतलेले आक्षेप आणि मराठवाड्याने त्यातून काय मिळवले, याची चर्चा पहिल्या प्रकरणापासूनच येत राहील.